माझे पाय, तुमची सही

सर, तुमच्या नरम चपलांचा जोड पुन्हा ऑफिसात, माझ्या टेबलाखाली आला आहे. परवा तुमच्या बाकीच्या सामानाबरोबर मी तो गौलीगुड्याला तुमच्या घरी नेला होता, आणि तेवढाच माझ्याबरोबर परत आला. आता खुर्चीवर बसलं की माझा पाय त्याला लागतो आणि मी पाय वर घेते. छत्तीस वर्षांची बाई आबिड्समधल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात भरदुपारी खुर्चीवर मांडी घालून बसते. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, "काय गं पुणेकरीण, कीर्तनाला बसायलीस का?"

तुम्ही गेल्यावर श्रद्धांजलीसाठी माझ्याकडे चार ओळी मागितल्या गेल्या. कदम सरांचं शिक्षण, मूळ गाव, किती वर्षं काम केलं, वगैरे. मी लिहून दिल्या. त्यात खोटं काही नव्हतं आणि तुमचंही काही नव्हतं. हे लिहिते आहे ते वेगळं आहे. मला भीती वाटते आहे, सर. तुम्ही गेलात त्या दिवशी रडू आलं, राग आला, पोरकं वाटलं. भीती परवापासून वाटते आहे, आणि ती ज्यांना सांगायची ते तुम्हीच नाही आहात.

नवऱ्याच्या नोकरीमागे मी या शहरात आले तेव्हा मला वाटायचं, इमारतीचं गणित म्हणजे वजनाचं गणित. एवढा भार, एवढी तुळई, झालं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझी हवा काढलीत. वरच्या मजल्यावर यंत्र ठेवायचं असलं की लोक आपल्याला बोलवायचे. कुणाचं जनरेटर, कुणाची मसाल्याची चक्की, कुणाच्या गच्चीवरचं एसीचं धूड. मी वजन काढून दिलं, म्हटलं, मजला सहज सोसेल. तुम्ही कागद बाजूला सारलात आणि म्हणालात, "वजन तर म्हशीचंबी असतंय. म्हैस गप उभी राहती. हे यंत्र नाचणार हाय, त्याचं काय करायलीस?"

मग तुम्ही पाळण्याचं सांगितलंत. प्रत्येक मजल्याची आपली एक लय असते. पाळण्याला नेमक्या वेळेला एका बोटानं ढकललं तरी तो उंच जातो, आणि अवेळी दोन्ही हातांनी ढकललं तरी अडखळतो. यंत्राची लय मजल्याच्या लयीशी जुळली, तर लहानसं यंत्रही मोठा मजला हलवतं. आणि यंत्र ज्या वेगानं चालतं तेवढाच वेग बघून भागत नाही. ते बंद होताना त्याचा वेग हळूहळू उतरतो, आणि उतरता उतरता एखाद्या क्षणी मजल्याच्या लयीवरून जातो. "मशीन थांबताना बघ," तुम्ही म्हणायचात. "थांबताना मजला खरं बोलतोय."

आणि मग तुम्ही चपला काढायचात. मला ते पहिल्यांदा बघून हसू आलं होतं, आज कबूल करते. एवढा मोठा इंजिनियर, पँट घोट्यापर्यंत दुमडून, मोजे खिशात कोंबून, खोलीच्या ऐन मध्यावर डोळे मिटून उभा. यंत्र चालू असताना पाच श्वास, बंद होताना पाच श्वास. मग डोळे उघडून तुम्ही निकाल द्यायचात. मी पुण्याहून येताना आणलेली अक्कल पाजळायचे, की सर, कंपन मोजायचं यंत्र मिळतं, आकडा कागदावर उमटतो. तुम्ही ते विकत आणलंत, वापरलंत, आणि त्याला "जावई" म्हणायला लागलात, कारण त्याची सरबराई फार. मी म्हणायचे, पायांना काय वाटलं ते फाइलला लावता येत नाही. तुम्ही म्हणायचात, फाइल मजल्यावर उभी राहत नाही. हे भांडण दहा वर्षं चाललं आणि मिटलं नाही. मला ते मिटवायचंही नव्हतं. दुपारचा चहा त्याच्याशिवाय गोड लागायचा नाही.

पण तुम्ही मला अनवाणी उभं राहायला शिकवलंत, हे कुठल्याही कॉलेजानं शिकवलं नसतं. पहिलं वर्षभर मला काहीच कळायचं नाही. नुसती गार फरशी आणि तळव्याला लागलेली वाळू. मग एके दिवशी एका छापखान्याच्या मजल्यावर माझ्या टाचांखालून बारीक मुंग्या सरकल्यासारखं झालं आणि मी डोळे मिटून म्हटलं, "सर, इथे नाही, डावीकडे जास्त आहे." खाली उतरल्यावर तुम्ही इराण्याकडे बसवून दोन उस्मानिया बिस्किटं माझ्या बशीत ठेवलीत. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक आहे.

गेल्या दोन वर्षांत तुमची पद्धत बदलली होती. आधी तुम्ही निकाल द्यायचात आणि मी वाद घालायचे. नंतर तुम्ही डोळे उघडून आधी मलाच विचारायला लागलात, "काय जाणवतंय?" मी सांगायचे, आणि तुम्ही मान डोलवायचात. मला वाटलं, मला बढती मिळाली. मी घरी जाऊन नवऱ्याला तसं सांगितलंसुद्धा. सर आता माझं मत आधी घेतात. काय तो तोरा होता माझा.

आणखी एक गोष्ट बदलली होती. तुम्ही मध्यावर उभं राहणं सोडलंत. भिंतीपाशी, एक हात भिंतीला लावून उभे राहायला लागलात. वय झालं, मी म्हटलं. मध्यावर मला उभं करायचात. आणि ती चप्पल. आबिड्सच्या पोस्टासमोर रस्ता ओलांडताना तुमच्या डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि तुम्ही तशीच दहा पावलं चालत गेलात. मी हसून हसून दुभाजकाला टेकले. एक ऑटोवाला ओरडला, "अंकल, चप्पल छोड को कहाँ जा रै?" तुम्हीही हसलात. मी तो किस्सा वर्षभर सगळ्यांना सांगितला, तुमची नक्कल करून. तुम्ही प्रत्येक वेळी हसलात.

आता सुलतान बाजार.

तुम्हाला आठवत असेल असं म्हणायची सवय जात नाही. अफजलभाईंचा भरतकामाचा कारखाना, जुन्या इमारतीचा पहिला मजला. कॉम्प्युटरवर चालणारी तीन लांबलचक मशीनं येणार होती, प्रत्येकावर रांगेनं सुयांची बारा डोकी, एका सेकंदाला चौदा टाके. घरमालकानं इंजिनियरचा दाखला मागितला होता. मजला जुन्या पद्धतीचा, लोखंडी गर्डर आणि त्यांच्यावर टेकवलेल्या शहाबादी फरश्या, वर चुन्याचा थर. मी गणित दोनदा केलं. फरश्या आणि चुना गर्डरशी एकजीव धरले तर मजल्याची लय सेकंदाला अठरा झोके. नुसत्या टेकलेल्या धरल्या तर बारा. मशीनचे चौदा या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे लय बारा निघाली तर मशीन प्रत्येक वेळी थांबताना तिच्यावरून जाणार. जुन्या चुन्यानं फरश्या किती घट्ट धरल्यात हे कुठलंच गणित सांगत नाही, ते तिथे जाऊन मोजावंच लागतं. आणि आपला जावई तेव्हा तपासणीसाठी बंगळुरूला गेला होता.

मी म्हटलं, थांबू या, यंत्र परत येऊ दे. अफजलभाई घायकुतीला आले होते, पहिलं मशीन वर चढवून जोडूनही झालं होतं. तुम्ही म्हणालात, "बग, पाय काय म्हणतात ते." तुमच्या आवाजात नेहमीची मिश्किली होती. मी चपला काढल्या. तुम्ही भिंतीपाशी, मी मध्यावर.

मशीन सुरू झालं. माझ्या तळव्यांतून मुंग्या घोट्यापर्यंत आल्या. मग ते बंद केलं, आणि सुया थांबायच्या जरा आधी जमिनीनं खालून एकदाच कूस बदलल्यासारखं झालं. एकदाच. मी डोळे उघडले तर तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. चेहरा शांत. कपाळावर एक रेघ नाही. तुम्ही विचारलंत, "काय जाणवतंय?"

मी तुमचा चेहरा बघितला, सर. तुम्हाला काही लागलं नसेल तर मला लागलेलं खोटंच असणार, असं मला वाटलं. सकाळपासून मी स्कूटीवर होते, पाय तसेही बधिर झाले होते. आणि त्या दोन वर्षांच्या तोऱ्यात मला चुकायचं नव्हतं. मी म्हटलं, "काही विशेष नाही, सर."

तुम्ही म्हणालात, "मग बरंय."

त्या "मग"कडे माझं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दाखला टाइप केला, तुम्ही सही केलीत. मशीनं सुरू झाली. दीड महिन्यानं तुम्ही गेलात.

परवा तुमचं सामान घेऊन गौलीगुड्याला गेले. चष्मा, पट्टी, तो कधीच न चालणारा कॅल्क्युलेटर, आणि टेबलाखालच्या चपला. काकूंनी सगळं एकेक करून हातात घेतलं. चपला बघून त्या थांबल्या.

"हे कशाला आणलीस माय? हे डॉक्टरनं दिलेले. नरम." त्यांनी एका चपलेच्या तळाला अंगठा दाबून दाखवला. "साखरेनं त्यांच्या तळपायातलं समदं गेलं होतं. दोन वर्सं झाली. मागल्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया राखत बसले अनवाणी. फरशी अशी तापलेली. संध्याकाळी बगते तर तळव्याला हे एवढे फोड, आन ह्यांना पत्ता नाही."

मी ती चप्पल हातात घेतली आणि तळाला अंगठा दाबून बघितला.

"तुला सांगितलं नव्हतं का? मला तर म्हणले, सांगितलं म्हणून. मी विचारलं, आता कामाचं कसं करताव? तर म्हणले, वैदेहीचे पाय हायेत की. ती सांगती मला."

सर, मी त्या जिन्यावरून कशी उतरले ते मला माहीत नाही. काकू मागून म्हणत होत्या, चहा पिऊन जा, आणि मी चपलांची पिशवी छातीशी धरून रस्त्यावर आले होते. बस अड्ड्याकडून येणारी गर्दी अंगावर येत होती. डोक्यात एकच गोष्ट होती, मुंग्या आणि ती कूस. तुम्हाला काहीच लागलं नव्हतं, कारण तुम्हाला काही लागण्यासारखं उरलंच नव्हतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात आणि मी तुमच्या. दोघांपैकी एकालाच कळलं होतं, आणि त्या बाईनं खोटं सांगितलं.

आधी मला बाकीच्या मजल्यांची भीती वाटली. ऑफिसातल्या पोराला फोन करून दोन वर्षांच्या फायली काढायला लावल्या आणि रस्त्यातच उभी राहून एकेक नाव ऐकलं. प्रत्येक ठिकाणी यंत्राचा कागद लावलेला होता. ज्याच्यावर तुम्ही हसायचात त्या जावयानं आपल्याला वाचवलं होतं. फक्त सुलतान बाजारच्या फायलीत कागद नव्हता. तिथे फक्त माझे पाय आणि तुमची सही.

गौलीगुड्याहून सुलतान बाजार किती लांब आहे हो, चालत दहा-पंधरा मिनिटं. मला वाटेत तीनदा थांबावं लागलं. मनात एकसारखं येत होतं की मी पोचेन तेव्हा दुकानांसमोर गर्दी असेल आणि धूळ असेल. गर्दी होतीच, पण ती रोजची, साड्यांची आणि बांगड्यांची. इमारत उभी होती. मी देवाला नमस्कार करणाऱ्यांतली नाही, तुम्हाला माहीत आहे. परवा मी हात जोडले.

त्या दिवशी आपण वर गेलो होतो, खाली डोकावलो नव्हतो. खाली फॉल-पिकोचं दुकान आहे. बरोबर त्या मजल्याखाली चार बायका शिवणमशिनीवर बसतात, आणि त्यांच्यापैकी ऐन मध्यावर यादम्मा म्हणून एक पन्नाशीची बाई. तिच्या मांडीवर कुणाची तरी मोतिया साडी होती आणि ती साडीवरून फडक्यानं काहीतरी झटकत होती. पांढरी भुकटी.

मी विचारलं, हे काय.

"मट्टी अम्मा. रोज गिरता." तिनं वर न बघता सांगितलं. "मशीन चालू रहा तो थोडा. बंद किए तो जास्ती गिरता."

दहा वर्षं तुम्ही मला घोकून घेतलंत ते या बाईनं एका वाक्यात सांगितलं होतं, आणि तिच्याकडे ना गणित होतं ना जावई. तिचं डोकं होतं, त्या फरशीच्या खाली.

वर तिन्ही मशीनं धडधडत होती. मी दारातच चपला काढल्या. अफजलभाई धावत आले, तुमच्याविषयी दोन शब्द बोलले, डोळे पुसले, खरोखरचे. मग मी कशाला आले ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"म्याडम, सर खुद देख को सही करे थे ना. पक्का है बोल को बोले थे. अब आप दुबारा कायकू?"

"मेरी गलती हुई, अफजलभाई. मशीनें बंद करनी पड़ेंगी."

"शादियाँ सर पो हैं म्याडम. आज के आज कैसा बंद करना?" आणि मग हळू आवाजात, "सर की बात गलत थी क्या?"

हा प्रश्न मला फार लागला. तुमच्या सहीवर त्या माणसाचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. मी म्हटलं, सरांची नाही, माझी. आणि ते खरं होतं, तरी ते म्हणताना मला वाटलं, मी तुमची बाजू घेते आहे की तुमच्यावर रागावले आहे? रागावले होते, सर. अजूनही आहे. एवढं एकच वाक्य होतं. अगं, माझ्या पायांना आता कळत नाही. मी काय हसले असते? चपलेला हसले होते, म्हणून?

मी मध्यावर जाऊन उभी राहिले. डोळे मिटायची गरज नव्हती. तीन मशीनं एकदम चालताना ते घोट्यांपर्यंत न थांबता गुडघ्यांपर्यंत येत होतं.

मग ध्यानात आलं की खरी भीती पुढेच आहे. मशीनं चालू ठेवता येत नव्हती, आणि बंद करायची म्हणजे त्या उतरत्या वेगातून मजल्याला न्यायचं, तेही तिन्ही एकदम बंद केली तर तिप्पट. मी ओरडले, कुणी बटणाला हात लावायचा नाही. अफजलभाई दचकले. वरच्या कारागिरांना जिन्यात पाठवून मी खाली पळाले आणि त्या चौघींना म्हटलं, बाहेर चला, आत्ता. तिघी निघाल्या. यादम्मा साडीची घडी घालत बसली.

"गिराईक का साड़ी है अम्मा. खराब हुआ तो?"

मी ती साडी तिच्या हातातून ओढून घेतली. आयुष्यात मी कुणाच्या हातातून असं काही ओढलेलं नाही. ती चिडली, तेलुगूत मला काहीतरी बोलली आणि साडीच्या मागे रस्त्यावर आली. तेच तर हवं होतं.

मग मी परत वर गेले. अफजलभाई म्हणाले, आप भी नीचे रहो म्याडम, मैं करतूं. मी म्हटलं, नाही. मला तिथे उभं राहायचं होतं, तुमच्या जागेवर, भिंतीपाशी. मध्यावर उभं राहायची माझी हिंमत नव्हती, हेही सांगते. एक हात भिंतीला लावला. अफजलभाईंनी पहिलं मशीन बंद केलं. मग थांबलो. दुसरं. थांबलो. प्रत्येक वेळी माझ्या पायांना भिंतीपाशी जवळजवळ काहीच लागलं नाही, सर. जवळजवळ काहीच. तिथे उभं राहिलं की मजला शांतच वाटतो. पण समोर, मध्यावर, टेबलावरची दोऱ्याची रिळं खडखडत होती.

तिसरं बंद झालं तेव्हा खालून आवाज आला. धप्प, एकच. वर सगळं जागच्या जागी होतं.

खाली गेलो. यादम्माच्या स्टुलावर नारळाएवढा चुन्याचा गोळा पडून फुटला होता, शिवणमशीन पांढरं झालं होतं. मी टॉर्च वर मारला. स्टुलाच्या बरोबर वरची फरशी गर्डरवर दोन बोटं टेकलेली असायला हवी होती. गर्डरच्या काठाशी लोखंडावर एक ताजी, स्वच्छ पट्टी दिसत होती, जिथे फरशी इतकी वर्षं बसलेली होती आणि आता नव्हती. टेकण उरली होती जेमतेम अर्ध्या बोटाची. ती फरशी एका माणसाला उचलत नाही. आणखी किती दिवस लागले असते ते मला सांगता येत नाही. मला ते काढायचंही नाही.

यादम्मा माझ्यामागे येऊन उभी होती. तिनं वर बघितलं, मग स्टुलाकडे बघितलं. तिनं माझ्या हातातली साडी घेतली, उलगडली, कुठे डाग पडलाय का ते बघितलं, आणि मग माझं मनगट धरलं. किती तरी वेळ धरून ठेवलं.

संध्याकाळच्या आत खालून लोखंडी टेकू लावले. अफजलभाईंनी मशीनं दुसरीकडे तळमजल्यावर हलवायचं ठरवलं आहे, माझ्याशी धड बोलत नाहीत, पण यादम्माला स्टूल नवीन आणून दिलं. काल मी तो दाखला रद्द केल्याचं पत्र लिहिलं. त्यात लिहिलं की तपासणीच्या वेळी मजल्याचं कंपन जाणवलं होतं आणि ते मी सांगितलं नाही. खाली माझी सही केली. तुमच्या पायांविषयी त्यात एक शब्द नाही. ते सांगायचं तर तुम्ही सांगायला हवं होतंत, मी तुमच्या वतीनं सांगणार नाही. हे बरोबर केलं की नाही यावर आपलं आणखी दहा वर्षं भांडण झालं असतं.

भीती गेलेली नाही. काल एका दवाखान्याच्या गच्चीवर जनरेटर बघायला गेले, जावई बरोबर होता, आकडा चांगला आला, तरी मी तिथे अर्धा तास अनवाणी उभी राहिले. वॉचमन हसला. तुम्हाला बघून मी हसले होते, तसाच. मला आता प्रत्येक फरशीखाली कुणीतरी मान खाली घालून टाके घालताना दिसतं. हे जाणार नाही असं वाटतं, आणि गेलेलं मला चालणारही नाही.

पण एक गोष्ट रात्रंदिवस मनात येते. तुमचे पाय गेले तेव्हा तुम्ही काम सोडलं नाहीत, कारण तुम्हाला वाटलं, माझे आहेत. चाळीस वर्षांचं नाव तुम्ही माझ्या दोन तळव्यांवर ठेवलंत, आणि मला वाटत राहिलं की तुम्ही माझी परीक्षा घेता आहात. मला कुणी एवढं मानलं नव्हतं, सर, आणि ज्या दिवशी त्याची गरज पडली त्या दिवशी मी तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर दिलं. तुमच्यावरचा राग कधीतरी ओसरेल. हे ओसरणार नाही.

चपला टेबलाखालीच राहतील. आज मी पाय वर घेतलेले नाहीत. डोळे मिटले की तुम्ही भिंतीला हात लावून उभे आहात, माझ्याकडे बघता आहात आणि विचारता आहात, काय जाणवतंय. सुया थांबत आल्या आहेत.

हलतंय, सर. मध्यावर फार हलतंय.